कर्ज फेडायचे कधी

बालाघाट जिल्ह्यात खनिजाच्या दोन सरकारी कंपन्या जमिनीखाली काम करतात. त्यांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवले तर एकाच जिल्ह्यात अर्थशास्त्राची दोन वेगळी मते नांदत असल्यासारखे वाटते. बालाघाट शहराला लागून असलेल्या भरवेलीत नागपूरच्या मॉईलची मँगनीजची खाण आहे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिथून उकवा, बैहर करत पुढे गेले की मलांजखंड येते. तिथे कोलकात्याच्या हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची तांब्याची खाण आहे, देशातल्या तांब्याच्या साठ्याचा सर्वांत मोठा भाग तिच्यात आहे. मॉईलच्या डोक्यावर मुदतीचे कर्ज नाही, उलट बँकेत ठेवी आहेत. हिंदुस्थान कॉपरने मात्र मलांजखंडची उघडी खाण भूमिगत करण्यासाठी बँकांकडून मुदत कर्जे घेतली, त्यात एक वर्ष तिचा श्वास कोंडला आणि मग ती मोकळीही झाली. मोठ्या कंपनीच्या कर्जाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ‘किती’ हाच असतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यातही तोच आकडा येतो आणि शेअर घेणारा निवृत्त शिक्षकही तोच विचारतो. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. कर्जाची मुदत म्हणजे आपला अंदाज चुकला तर सावरण्यासाठी कंपनीने व्याज मोजून विकत घेतलेला वेळ. म्हणून परतफेडीचा तक्ता वाचताना बघायचे ते हे, की या कंपनीने स्वतःच्या चुकीसाठी किती जागा राखली आहे.

हा तक्ता सापडायला अवघड नाही, पण तो वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानांवर नसतो. अध्यक्षांचे रंगीत छायाचित्र, खाणीतल्या यंत्रांची चित्रे, वृक्षारोपण हे सगळे उलटून मागच्या टिपांपर्यंत जावे लागते. ताळेबंदात कर्ज दोन ठिकाणी विभागलेले असते. वर्षभरानंतर फेडायचे ते बिगरचालू देण्यांत आणि वर्षाच्या आत फेडायचे ते चालू देण्यांत. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा जो हप्ता येत्या बारा महिन्यांत पडणार, तो दरवर्षी पहिल्या खान्यातून दुसऱ्यात सरकतो. ही एक सरकलेली ओळ सर्वांत बोलकी असते, आणि बरीच वर्षे ती ‘इतर’ देण्यांच्या गठ्ठ्यात दडलेली असे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये बदल झाला आणि ती अल्पमुदतीच्या कर्जाखाली स्वतंत्रपणे दाखवणे बंधनकारक झाले. त्याच अनुसूचीनुसार मुदत कर्जाच्या परतफेडीच्या अटी सांगाव्या लागतात आणि हप्ता थकला असेल तर किती व कधीपासून हेही लिहावे लागते. आणखी मागे, आर्थिक जोखमीच्या टिपेत, मुदतीनुसार देण्यांचा एक तक्ता असतो: एक वर्षाच्या आत, एक ते पाच वर्षे, पाच वर्षांच्या पुढे. त्यातले आकडे ताळेबंदाशी जुळत नाहीत, कारण इथे पुढे द्यायचे व्याजही बहुधा मिळवलेले असते. हे तीन खाने वाचणाऱ्याला कंपनीविषयी जे कळते ते कर्ज आणि भागभांडवलाच्या गुणोत्तरातून कळत नाही.

दोन काल्पनिक कंपन्या घेऊ. दोघींवर हजार कोटींचे कर्ज, व्याज नऊ टक्के, आणि धंद्यातून वर्षाला हातात येणारी रोकड २२० कोटी. पहिलीला मुद्दल दहा वर्षांत, दरवर्षी शंभर कोटी असे फेडायचे आहे. दुसरीला पहिली काही वर्षे फक्त व्याज भरायचे आणि मग एकाच वर्षी आठशे कोटी द्यायचे, उरलेले दोनशे त्यानंतर. साध्या वर्षी दुसरीच सुखी दिसते: तिला नव्वद कोटी व्याज भरून भागते, पहिलीला मात्र व्याज आणि हप्ता धरून एकशे नव्वद कोटी काढावे लागतात. आता धातूचा भाव पडला आणि रोकड दीडशे कोटींवर आली असे धरा. पहिलीला चाळीस कोटी कमी पडतात. खर्च आवरून, खेळत्या भांडवलाच्या खात्यातून उचल करून किंवा एखादे काम पुढे ढकलून हे निभावते. दुसरीचा भाव पडण्याचे वर्ष आणि आठशे कोटींचे वर्ष वेगवेगळे निघाले तर तिला काहीच होत नाही. ती दोन एकत्र आली तर तिला एका ठरलेल्या तारखेपर्यंत नवा सावकार शोधावा लागतो, तोही अशा वेळी की सगळे सावकार तिचाच धंदा बुडणार असे म्हणत आहेत. दोघींचे एकूण कर्ज, व्याजदर, धंदा, कशातच फरक नव्हता. फरक एवढाच की चूक सहन करायची ताकद पहिलीकडे दहा वर्षांत पसरलेली होती आणि दुसरीने ती सगळी एका वर्षावर लावली होती.

खाणीच्या धंद्यात हे जास्त जाणवते, कारण तिथे पैसा घालणे आणि पैसा येणे यांत मोठे अंतर असते. मलांजखंडची खाण १९८२ साली देशाला अर्पण झाली आणि पुढची तीन दशके डोंगर वरून कोरत, पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा करत ती खाली गेली. खड्डा जितका खोल, तितका एक टन खनिजासाठी हलवायचा निरुपयोगी दगड जास्त. एक वेळ अशी येते की वरून खोदण्यापेक्षा जमिनीखालून जाणे स्वस्त पडते. भूमिगत खाण करायची म्हणजे आधी उतरते बोगदे काढायचे, माणसे आणि माल उचलण्यासाठी उभ्या शाफ्ट खोदायच्या, हवा आत नेणाऱ्या वाटा, पाणी उपसणारे पंप, वीज, आणि त्यानंतर खनिजाच्या पट्ट्यापर्यंत आडव्या वाटा. ही सगळी कामे होईपर्यंत बाहेर पडतो तो बहुतांशी दगडच, आणि दगडाला लंडनच्या धातुबाजारात भाव नसतो. मलांजखंडचे लक्ष्य वर्षाला ५० लाख टन खनिजाचे ठेवले गेले. हे काम दशकभर चालणारे आहे. ठेकेदार बदलतो, खडक अंदाजापेक्षा कच्चा निघतो, परवानगी लांबते. अशा कामासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र मंजुरीपत्रात लिहिलेल्या तिमाहीलाच सुरू होतो. बँका सुरुवातीला मुद्दल न मागण्याची सवलत देतात खरी, पण ती कागदावरच्या वेळापत्रकाप्रमाणे, खाणीच्या नव्हे.

२०१९–२० हे वर्ष या दृष्टीने बघण्यासारखे आहे. आदल्या वर्षी १४५ कोटी नफा दाखवणाऱ्या हिंदुस्थान कॉपरची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली आणि ५६९ कोटींचा तोटा झाला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धसक्याने लंडनमध्ये तांबे टनाला पाच हजार डॉलरच्याही खाली गेले. कर्ज हजार कोटींच्या वर होते आणि भूमिगत काम अर्ध्यावर. त्या वेळी कंपनीचे एकूण कर्ज देशातल्या पोलाद किंवा वीज कंपन्यांच्या मानाने किरकोळ होते. तरीही ते जड वाटले, कारण ज्या खाणीच्या जोरावर ते फेडायचे ती खाण अजून पुरती उभी नव्हती. मग भाव फिरला. मे २०२१ मध्ये तांब्याने दहा हजार डॉलर ओलांडून तेव्हाचा उच्चांक गाठला. त्याच्या जरा आधी, एप्रिलमध्ये, कंपनीने संस्थात्मक गुंतवणूकदारांना नवे शेअर विकून ५०० कोटी उभारले. २०२०–२१ मध्ये ११० कोटी आणि २०२१–२२ मध्ये ३७४ कोटी नफा झाला आणि पुढच्या दोनेक वर्षांत कर्ज काहीशे कोटींवर आले. ही कथा बहुधा चांगल्या व्यवस्थापनाची म्हणून सांगितली जाते. मला ती वेळेची वाटते. कर्ज ज्या भूमिगत उत्पादनातून फेडले जाईल असे गृहीत होते, त्यातून ते प्रामुख्याने फिटले नाही. ते फिटले भावाच्या उसळीतून आणि ज्याला परतफेडीची तारीखच नसते अशा भांडवलातून. दीड वर्ष तग धरण्याइतकी मुदत हातात होती, म्हणून उसळी येईपर्यंत कंपनी जागेवर राहिली. नवे शेअर विकल्याने सरकारचा हिस्सा पातळ झाला. वेळेची किंमत अशीही मोजली जाते.

इथे मॉईलकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की मुळात कर्जच घेऊ नये. भरवेलीची खाणही खोल जात आहे, तिथेही नव्या शाफ्टचे काम आहे, आणि ते स्वतःच्या पैशातून होते. १८९६ च्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून चालत आलेला हा धंदा १९६२ मध्ये केंद्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या ५१ टक्के भागीदारीत आला, १९७७ मध्ये इंग्रज कंपनीचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. दहा खाणी, त्यांतल्या चार बालाघाट जिल्ह्यात, आणि डोक्यावर सावकार नाही. अशा कंपनीला चुकायला अमर्याद वेळ आहे, हे मान्य. पण अमर्याद वेळ फुकट येत नाही. त्याचे भाडे भागधारक भरतात. मॉईलने २०१६ नंतर एकाहून अधिक वेळा आपलेच शेअर परत विकत घेतले, म्हणजे हातात पैसा होता आणि तो तितक्याच वेगाने खाणीत घालता येत नव्हता. २०२४–२५ मध्ये तिने १८ लाख टनांचे विक्रमी उत्पादन केले, पण त्या टप्प्याला यायला साठ वर्षे लागली. शिवाय कर्जमुक्त राहणे ही केवळ शिस्तीची गोष्ट नाही, खनिजाच्या जातीचीही आहे. भरवेलीचे मँगनीज उच्च प्रतीचे आहे आणि ते काढून, निवडून, प्रतवारी करून विकता येते. मलांजखंडच्या खनिजात तांबे टक्का-सव्वा टक्क्याच्या आसपास. टनभर खडक दळून, पाण्यात फेसाळून, दहा-बारा किलो धातू हाती लागतो. एवढ्या कमी प्रतीच्या खनिजाला मोठ्या प्रमाणाशिवाय पर्याय नाही, आणि मोठे प्रमाण बहुधा उसन्या पैशावरच उभे राहते. तेव्हा मॉईलचा धडा हिंदुस्थान कॉपरला जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे आणि तो बँकेतली जाणती माणसे घेतात. मोठी कंपनी मुद्दल कधी फेडतच नाही, ते म्हणतात. जुने रोखे संपले की नवे काढते, एका बँकेचे देणे दुसरीच्या पैशातून चुकते करते. सेवा सोसायटीत मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने होते तसेच हे, फक्त शून्ये जास्त. मग मुदतीकडे एवढे काय बघायचे? यातला पहिला भाग खरा आहे. धंदा चालू असलेल्या कंपनीने सगळे कर्ज फेडून टाकावे असे कोणालाच वाटत नाही, सावकारालाही नाही. पण नवे-जुने होण्यासाठी त्या दिवशी समोरचा दरवाजा उघडा लागतो, आणि दरवाजा कधी बंद होईल हे कंपनीच्या हातात नसते. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने २.३ अब्ज डॉलरना जग्वार आणि लँड रोव्हर घेतली. पैसा ३ अब्ज डॉलरच्या तात्पुरत्या कर्जातून आला, फेडायची तारीख जून २००९. बेत साधा होता: हक्कभाग विकू, काही गुंतवणुका मोडू, तात्पुरते कर्ज फेडू. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळली. हक्कभागाला बाजारात मागणी उरली नाही आणि त्याचा मोठा भाग टाटा सन्सलाच उचलावा लागला. गाड्यांची विक्री पडली आणि त्या वर्षी टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा २,५०५ कोटींचा झाला. मे २००९ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने मिळालेल्या हमीवर ४,२०० कोटींचे डिबेंचर निघाले, उरलेल्या कर्जाची मुदत वाढली. त्यानंतर काही वर्षांतच तीच ब्रिटिश कंपनी टाटा मोटर्सच्या नफ्याचा मुख्य झरा ठरली. खरेदीचा निर्णय चुकला होता की बरोबर होता? जून २००९ ला कर्ज मागे घेतले असते तर चुकला म्हणून इतिहासात गेला असता. बारा महिन्यांच्या मुदतीत त्याचा न्याय होण्यासारखाच नव्हता.

पुण्याच्या सुझलॉनच्या वाट्याला ही सवलत आली नाही. पवनचक्क्यांच्या तेजीत तिने बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर घेतली आणि परदेशी चलनातले परिवर्तनीय रोखे काढले. शेअरचा भाव ठरलेल्या पातळीच्या वर राहिला तर रोखेधारक पैशाऐवजी शेअर घेतील, ही त्या रोख्यांमागची कल्पना. म्हणजे कंपनीने मनातल्या मनात या कर्जाला परतफेडीची तारीखच नाही असे धरले होते. २००८ नंतर शेअर असा कोसळला की तो घेण्याचा विचार कोणी करणार नव्हते, आणि तारीख जिवंत झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर द्यायचे होते. कंपनीने चार महिन्यांची मुदतवाढ मागितली, रोखेधारकांनी नाकारली. परिवर्तनीय रोख्यांतली तेव्हापर्यंतची भारतातली ती सर्वांत मोठी थकबाकी म्हटली गेली. २०१५ मध्ये जर्मन कंपनी विकावी लागली. पुढे २०२३ मध्ये दोन हजार कोटींचे नवे भांडवल घेऊन सुझलॉन जवळजवळ कर्जमुक्त झाली. वाऱ्यावर वीज करायचा मूळ विचार अकरा वर्षांनी खरा ठरला, पण मधल्या काळात जुन्या भागधारकांच्या हाती फारसे उरले नव्हते.

मुदतवाढ मिळते तेव्हाही तिचा भाव असतो. जानेवारी २०२४ मध्ये वेदांत समूहाच्या लंडनमधल्या मूळ कंपनीने ३.२ अब्ज डॉलरच्या रोख्यांच्या तारखा पुढे ढकलून घेतल्या. त्यासाठी मान्य केलेले व्याज जवळजवळ चौदा टक्के होते, तेही डॉलरमध्ये, आणि पतमानांकन संस्था एसअँडपीने या व्यवहाराला थकबाकीच्याच रांगेत बसवले. मोठ्या कंपन्यांचे नवे-जुने होतेच, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अर्धे पाठिंबा देते आणि अर्धे उलटते. नवे-जुने झाले, पण कंपनीची गरज सगळ्या बाजाराला ठाऊक असताना झाले. ज्याला उद्या पैसा हवा आहे त्याला दर विचारण्याचा अधिकार नसतो.

या सगळ्या आढाव्यात सर्वांत शिकवणारे प्रकरण आयएलअँडएफएसचे, आणि त्याचे कारण तिचे एकूण कर्ज नव्हे, जरी ते ९० हजार कोटींच्या पुढे होते. वांद्रे-कुर्ला संकुलातली ही कंपनी रस्ते, बोगदे, वीजप्रकल्प उभारत असे. जम्मू-काश्मीरमधला चेनानी–नाशरी बोगदा तिचाच. अशा बोगद्यातून पैसा येतो तो पंधरा-वीस वर्षे, थेंबाथेंबाने. समूहातल्या कंपन्या मात्र बराचसा पैसा अल्पमुदतीच्या कर्जातून आणि कमर्शियल पेपरमधून उभा करत, आणि कमर्शियल पेपरची मुदत कायद्यानेच सात दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते. दर काही महिन्यांनी नवे-जुने करायचे आणि त्यातून वीस वर्षांचा बोगदा पोसायचा. ऑगस्ट २०१८ पर्यंत तिला पतमानांकन संस्थांची सर्वोच्च श्रेणी होती, सप्टेंबर संपता संपता ती थकबाकीदारांच्या श्रेणीत होती. १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे नेमले. तीनशेहून अधिक उपकंपन्यांच्या जाळ्यात कोणाचे देणे कधी आहे हे उलगडण्यात वर्षे गेली. पतमानांकनाची तीन अक्षरे ‘किती’चे उत्तर बरे देतात, ‘केव्हा’चे देताना ती कशी गडगडतात हे त्या सहा आठवड्यांत दिसले. एवढ्यावरून पतमानांकन निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण ते वाचून टिपा न वाचणे धोक्याचे आहे एवढे नक्की.

बालाघाटच्या वाचकाला मात्र इथे एक सरळ शंका येईल. आपल्या दोन्ही कंपन्या सरकारी, मग तारखेची भीती कशाला? सरकार बुडू देईल का? आयएलअँडएफएसमध्येही आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँक भागधारक होत्या, हे त्यावरचे अर्धे उत्तर. पुरे उत्तर एमटीएनएलने दिले आहे. मुंबई आणि दिल्लीत टेलिफोन देणाऱ्या या कंपनीत केंद्राचा हिस्सा निम्म्याहून जास्त. तिच्या कर्जाचे दोन भाग आहेत: भारत सरकारची हमी असलेले रोखे, आणि हमी नसलेली बँकांची कर्जे. जुलै २०२४ मध्ये रोख्यांचे व्याज भरायला पैसे नाहीत असे कंपनीने शेअर बाजारांना कळवले, तेव्हा सरकारने हमीप्रमाणे ते भरले. बँकांची कर्जे मात्र थकली. २०२५ मध्ये सात सरकारी बँकांचे आठ हजार कोटींहून अधिक येणे थकल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले. मालक तोच, कंपनी तीच, कर्ज देणाऱ्याही सरकारी बँकाच. फरक कागदावर हमी लिहिली होती की नाही एवढाच. सरकारी मालकी म्हणजे कर्जाची सरकारी मुदतवाढ असे समजणाऱ्याने एमटीएनएलचा एक अहवाल वाचला तरी पुरे.

मग सगळे कर्ज लांब मुदतीचेच घ्यावे का? घेता आले तर बहुतेक कंपन्या घेतील. अडचण अशी की ते द्यायला कोणी लागतो. बँकांकडच्या ठेवी बहुतांश एक ते तीन वर्षांच्या, त्यातून वीस वर्षांची कर्जे द्यायची म्हणजे कंपनीची जोखीम बँकेने आपल्या डोक्यावर घ्यायची. एकेकाळी हे काम आयसीआयसीआय आणि आयडीबीआयसारख्या विकास वित्तसंस्था करत. पहिली २००२ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली, दुसरी २००४ मध्ये बँक झाली, आणि लांब पल्ल्याचे कर्ज पोरके झाले. जुलै २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यावर पाच-पंचवीसची तोड काढली. पायाभूत प्रकल्पाला पंचवीस वर्षांची परतफेड आखून द्यायची, आणि दर पाच वर्षांनी नवी बँक ते कर्ज उचलेल असे ठरवायचे. कल्पना समंजस होती. पण ज्या कर्जांना पुढे ढकलल्याने काही होणार नव्हते त्यांनाही तिचा आसरा मिळू लागला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिच्यासह सगळ्या पुनर्रचना योजना रद्द झाल्या. मुदत देणे आणि बुडीत लपवणे यांत सीमारेषा बारीक आहे, हे मी माझ्या मांडणीवरचे खरे बंधन मानतो. वेळ त्यालाच उपयोगाचा ज्याच्याकडे वेळ गेल्यावर पिकणारे काहीतरी आहे. जमिनीखाली साठाच नसेल तर पंचवीस वर्षे देऊनही उपयोग नाही. आता मुंबईत २०२१ पासून राष्ट्रीय पायाभूत वित्त आणि विकास बँक उभी राहिली आहे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी मोडलेले चक्र पुन्हा जोडणे चालू आहे.

लांब मुदत म्हणजे स्थिर व्याज, असा एक घोळ नेहमी होतो. सात वर्षांचे कर्ज असले तरी त्याचा दर बहुधा दरवर्षी नव्याने ठरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ज्यांचे हप्ते लांब होते त्यांना वेळ मिळाला, पण त्या वेळेचे भाडे वाढले. म्हणून टिपेत तारखेशेजारी दर कशाशी बांधला आहे तेही पाहावे. आणि तारीख कागदावरच्यापेक्षा आधीही येऊ शकते. करारात अटी असतात: नफा व्याजाच्या अमुक पट राहील, कर्ज अमुक मर्यादेत राहील, मानांकन घसरणार नाही. अट मोडली की सात वर्षांचे कर्ज मागताक्षणी द्यायचे होऊ शकते. मुदतीचे बारीक अक्षर इथेच असते, आणि बहुतेक कंपन्या ते जितके थोडक्यात सांगता येईल तितके सांगतात.

कर्जाच्या खान्यात न दिसणारा एक सावकारही असतो. खाणीला सुटे भाग पुरवणारा, ट्रक चालवणारा, उपकंत्राटावर माणसे लावणारा. रोकड आटली की बँकेचा हप्ता वेळेवर जातो आणि याचे बिल थांबते, कारण बँकेचा हप्ता चुकला तर बोभाटा होतो, याचा होत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. २०२१ च्या त्याच बदलात पुरवठादारांची देणी किती जुनी आहेत याचा तक्ताही बंधनकारक झाला. मलांजखंड असो की चंद्रपूर, कंपनीची खरी मुदत बघायची असेल तर हा तक्ता कर्जाच्या टिपेशेजारी ठेवावा. कर्ज कमी झाले आणि पुरवठादारांचे येणे फुगले, असे दिसले तर कर्ज कमी झालेले नसते, सावकार बदललेला असतो.

हिंदुस्थान कॉपरचा पुढचा टप्पा या वाचनाची परीक्षा घेणारा आहे. कंपनीला सध्याच्या सुमारे ४० लाख टनांवरून १२२ लाख टन खनिजाकडे जायचे आहे, आणि एवढ्या विस्ताराला पैसा लागणार. झारखंडमधल्या जुन्या खाणी चालवण्यासाठी तिने वेगळा मार्ग धरला: खाण विकसित करणारा आणि चालवणारा खाजगी भागीदार नेमायचा, गुंतवणूक त्याने करायची आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा. २०२५ च्या सुरुवातीला हे काम मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाकडे गेले. यामुळे हिंदुस्थान कॉपरच्या टिपेत त्या खाणींसाठीचे कर्ज दिसणार नाही. पण ते खाणीत लागणारच आहे, आणि तेही ठरलेल्या तारखांना फेडायचे असेल. तांब्याचा भाव पडला तर त्या तारखा भागीदाराच्या ताळेबंदात जड होतील आणि तिथून त्या खाणीच्या कामाच्या वेगात उतरतील. मलांजखंडचा भूमिगत विस्तार मात्र कंपनी स्वतःच करत आहे. तेव्हा येत्या अहवालांत निव्वळ कर्जाचा आकडा शोधण्याआधी मलांजखंडमधून भूमिगत उत्पादन किती लाख टन झाले ते पाहावे, आणि मग चालू देण्यांत सरकलेल्या हप्त्याच्या ओळीवर नजर टाकावी. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत असतील तर ठीक. हप्ता आधी आणि खनिज मागून येत असेल, तर पुन्हा लंडनच्या भावाकडे किंवा नवे शेअर घेणाऱ्यांकडे बघण्याची पाळी येईल.